गाठ वाढली म्हणालात तेव्हा

अहो, दहाव्याला बायका मला मध्ये घेऊन बसल्या आणि तुमची थोरली चुलती म्हणाली, "सुमन, बांगड्या वाढव आता." मला हसू आलं. बायकांना वाटलं हुंदका आहे, एकीनं पाठीवरून हात फिरवला. तुम्ही तिथं असता तर तुम्हीही तोंडाला रुमाल लावून हसला असता.

आपल्या बोलण्याची ही खोडच आहे. फुटलं म्हणायचं नाही, तुटलं म्हणायचं नाही, बंद केलं म्हणायचं नाही. नारळ वाढवायचा, दुकान वाढवायचं, मंगळसूत्र वाढलं म्हणायचं. ज्या शब्दानं ताटात भाकरी पडते त्याच शब्दानं बाईचे हात मोकळे होतात. याच एका शब्दानं तुम्ही मला एकदा असं घाबरवलंत की अजून विसरले नाही, आणि त्याच शब्दानं तुमच्या मायला साखर वाटायला लावलीत. म्हणून हसले. बांगड्या मीच काढल्या, कुणाला हात लावू दिला नाही.

तुमची बिमारी सुरू कधी झाली हे मला अजून नीट सांगता येत नाही. साखरपुड्याची अंगठी बोटात रुतली तेव्हा पाथरीच्या सोनारानं ती कापून काढली आणि वर हसून म्हणाला, ड्रायव्हरसाहेबांना सुखाचं अंग आलं. डेपोतले लोक म्हणायचे, मास्तरणीच्या हातचं मानवलं. मीही ते ऐकून जरा फुगायचे. पण मग खाकी टोपी बसेना. पोट सुटतं, मान भरते, हे ठीक. डोकं कसं वाढेल माणसाचं? तुम्ही टोपीची शिवण उसवून घेतलीत आणि म्हणालात, टोपीच आटली असंल. मी तुमच्या खालच्या जबड्याकडं बघत होते. तो पुढं आला होता, दातांत फटी पडल्या होत्या. मी काही बोलले नाही. बोललं की खरं होतं, असं मला वाटायचं.

झरीहून माझी धाकटी बहीण बऱ्याच दिवसांनी पंचमीला आली, ते आठवतं? तुम्ही ड्यूटीवरून आलात, दारात उभे राहिलात, आणि तिनं डोक्यावर पदर घेऊन आत येऊन मला सांगितलं, "ताई, कुणी पाहुणे आलेत बाहेर." आपण दोघं तिला चिडवून चिडवून हसलो. पण रात्री घोरताना तुमचा श्वास मध्येच अडकायचा, घर एकदम गप्प व्हायचं, आणि मी पडल्या पडल्या त्याची वाट बघायचे. श्वास परत आला की मला रडू यायचं. हे तुम्हाला कधी सांगितलं नाही.

परभणीच्या डॉक्टरांकडं गेलो ते साखर वाढली म्हणून. त्यांनी तुमचे हात उलटेपालटे करून बघितले आणि लग्नातला फोटो आहे का विचारलं. मला वाटलं, यांना कशाला पाहिजे आपलं लग्न? दुसऱ्या खेपेला फोटो नेला. त्यांनी तो तुमच्या चेहऱ्याशेजारी धरला, एकदा इकडं बघितलं, एकदा तिकडं. मी घाबरले. तुम्ही मात्र फोटोकडं बघत म्हणालात, हा पोरगा बरा दिसायलाय, कुणाचा हाय?

मग मुंबई. तिथल्या मोठ्या डॉक्टरांनी समजावलं की नाकाच्या वर, डोळ्यांच्या मागं हरभऱ्याएवढी एक ग्रंथी असते. पोराला वाढवायचं काम तिचं, आणि वाढून झालं की तिनं हात आखडता घ्यायचा. तुमच्या ग्रंथीवर गाठ आली होती आणि ती गाठ काही ऐकत नव्हती, वाढवतच सुटली होती. वाटा दोन होत्या. एक गोळ्यांची: गाठ जागेवर राहील, तिला गप्प करायचा प्रयत्न होईल, पण गोळी सगळ्यांना लागू पडतेच असं नाही. दुसरी ऑपरेशनची: कवटी उघडायची नाही, वरच्या ओठाखाली छेद घेऊन नाकामागून आत जायचं आणि गाठ खरवडून काढायची. शेजारी डोळ्यांची नस, शेजारी मेंदूच्या रक्तवाहिन्या. काय काय होऊ शकतं ते त्यांनी लपवलं नाही. त्यांचा कल ऑपरेशनकडं होता, पण जबरदस्ती नव्हती.

तुम्ही एकच विचारलंत, "गोळी सोडायची म्हणलं तर सोडता येती ना?" ते म्हणाले, येते. "मग गोळीच द्या."

मनमाडला गाडी बदलायला उतरलो तेव्हा बाकावर बसून तुम्ही मला तुमचं तत्त्वज्ञान सांगितलंत. गोळी म्हणजे ब्रेक, पाय आपला असतो. ऑपरेशन म्हणजे घाटात स्टेअरिंग दुसऱ्याच्या हातात देऊन आपण मागं झोपायचं. आणि वर तुमची नेहमीची चेष्टा: नाक कापून घ्यायला एवढं मुंबईला कशाला यायचं, पाथरीत काय कमी माणसं हायत? मी हसले, आणि मलाही सुटल्यासारखंच वाटलं. नाकातून मेंदूपाशी जाणारं हत्यार माझ्या डोळ्यांसमोरून हलत नव्हतं.

गोळ्यांनी तुमचे हाल केले. जेवणाच्या मध्ये घ्यायची, तरी मळमळ. उठून उभं राहिलं की भोवळ, म्हणून खाटेच्या कडेला जरा वेळ बसून मग उठायचं. थंडीत स्टेअरिंगवर बोटं पांढरीफटक पडायची. पण घाम कमी झाला, डोकेदुखी कमी झाली, जोडून घेतलेली अंगठी बोटात फिरायला लागली. तुम्ही ती सगळ्या डेपोला फिरवून दाखवलीत. मला म्हणालात, "बघ मास्तरीणबाई, उगंच नाक कापून घेतलं असतं." मी बघत होते. अंगठी सैल झालेली मला दिसत होती, आणि तुम्ही चहाचा कप उचलताना बशीला धक्का देत होता तेही दिसत होतं.

माझी शाळा तुमच्याच रस्त्यावरची, त्यामुळे कितीदा तरी मी तुमच्याच गाडीत पहिल्या बाकावर असायचे. त्या सकाळी डाव्या कडेनं एक बाई कडब्याचा भारा डोक्यावर घेऊन चालली होती. मला ती लांबून दिसली. मला वाटलं, तुम्ही आता गाडी बाजूला घ्याल. घेतली नाही. मी ओरडले, कंडक्टरनं घंटी ओढली, गाडीच्या वाऱ्यानं भारा उडाला आणि बाई खाली बसली. तिला काही झालं नाही. तुम्ही उतरून विस्कटलेला कडबा गोळा करून तिच्या डोक्यावर दिलात.

घरी जेवायला बसलात तेव्हा मी आमटीची पळी समोरून न आणता बाजूनं आणली आणि तुमच्या कानाशी धरून थांबले. तुम्ही समोरच्या भिंतीकडं बघत म्हणालात, "वाढ की, ताट रिकामं हाय." आमटीचा वास तुम्हाला येत असणार. पळी दिसत नव्हती. मी दुसऱ्या बाजूला गेले, तिकडंही तेच. माझ्या हातून आमटी सांडली तेव्हा तुम्ही खाली बघितलंत, मग माझ्याकडं बघितलंत, आणि तुम्हाला कळलं की मला कळलं. त्या दिवशी आपण दोघांनी उपाशीच हात धुतले.

दुसऱ्या दिवशी तुम्ही आपणहून डेपोत जाऊन सांगितलंत की मला स्टेअरिंगवर बसवू नका. मला सांगावं लागलं नाही, याबद्दल मी तुमची जन्माची ऋणी आहे. परत येऊन तुम्ही पायरीवर बसलात. विद्यापीठाच्या नामांतराच्या पहिल्या दंगलीत गाडी चालवायला तुम्ही जे शिकला होता ते सांगायला लागलात: दगड कुठल्या बाजूनं येईल याचा नेम नसायचा, म्हणून नजर सारखी दोन्हीकडं ठेवायची. आणि म्हणालात, "आता दगड आला तरी दिसणार न्हाई, मग भ्या कशाचं?" तुम्ही हसलात. मी नाही हसले.

पुन्हा मुंबई, पुन्हा आतला फोटो काढणाऱ्या त्या यंत्रात तुमचं डोकं. गाठ वाढली होती. अंगठी सैल झाली तरी गाठ आतल्या आत वर सरकली होती आणि डोळ्यांच्या नसेला खालून रेटत होती. परत येताना सेलूला उतरलो तर नामांतराचा बंद. एसटी सगळ्या डेपोत उभ्या. एक जीपवाला कसाबसा तयार झाला आणि गावं टाळत, शेतातल्या रस्त्यानं आपण पाथरीला आलो. वाटेत कुठंतरी टायर जळत होतं. तुम्ही माझा हात धरून बसला होता. बाहेरची भीती आणि आतली भीती यातली कुठली जास्त, हे मला ठरवता येत नव्हतं.

माय दारातच उभी होती. पाणीसुद्धा न देता तिनं विचारलं, "काय म्हणले रं दाक्तर?"

तुम्ही म्हणालात, "माय, गाठ वाढली."

तुमच्यामागं उभ्या उभ्या मी घाबरले. इतकं सरळ सांगाल असं वाटलं नव्हतं. म्हातारीचा चेहरा क्षणभर कोरा राहिला, आणि मग काय झालं, अहो! उजळलाच तो. "वाढली? खरंच वाढली?" असं म्हणत ती आत पळाली, साखरेचा डबा घेऊन आली, तुमच्या तोंडात, माझ्या तोंडात चिमूट घातली आणि शेजारी वाटायला निघाली. तिनं मारुतीला बोलून ठेवलं होतं, नारळ वाढवते तशी माझ्या लेकाची गाठ वाढू दे. नारळासारखी फुटू दे, फुटली म्हणायचं नाही म्हणून वाढू दे. आणि तिचा लेक दारात उभा राहून सांगत होता की वाढली.

आत आल्यावर मी म्हटलं, तिला खरं सांगा. तुम्ही म्हणालात, "खोटं कुठं बोललो?" मला अजून ठाऊक नाही की तिचा नवस तुम्हाला आधी माहीत होता की नव्हता. चुकून निघालं तोंडातून, की मनमाडपासून विचार करत आला होता? विचारायचं राहिलं. आता विचारते आहे.

त्या दिवसापासून आपलं भांडण सुरू झालं. मी म्हणायचे ऑपरेशन, तुम्ही म्हणायचा गोळी वाढवून बघू. मी तुम्हाला भित्रे म्हटलं. मी मास्तरीण, मला समजावायची सवय, मी पाटीवर डोळे काढले, नस काढली, गाठ काढली. तुम्ही पाटी पुसलीत. शेवटी एकदा चुलीपाशी बसून, माझ्याकडं न बघता म्हणालात, "मरायचं भ्या न्हाई गं मला. तिथं टेबलावर मेलो तर सुटलो. पण आंधळा होऊन वापस आलो तर तू मला हाताला धरून संडासला नेशील, आन् त्यात तुझं वय जाईल. त्याचं भ्या वाटतंय." मलाही त्याचंच भ्या वाटत होतं, फक्त माझ्या डोक्यात ते गोळीनं होणार होतं आणि तुमच्या डोक्यात सुरीनं.

मग तुम्हीच एक खेळ काढलात. तुम्ही पायरीवर समोर बघत बसायचं, मी मागून कडेकडेनं पुढं यायचं, आणि मी दिसले की तुम्ही "आली" म्हणायचं. आधी मी तुळशीपाशी आले की म्हणायचात. मग तुळस ओलांडून. एका दुपारी मी चालत चालत जवळजवळ तुमच्या समोर आले, तरी तुमची नजर रिकामी. मी तिथंच उभी राहिले. खूप वेळानं तुम्ही विचारलंत, "सुमन, निघालीस का न्हाई अजून?" मी बोलले तेव्हा तुम्हाला कळलं मी कुठं आहे. तुम्ही म्हणालात, चल मुंबईला.

मायला काय सांगायचं? तुम्ही सांगितलंत की वाढलेल्या गाठीचे तुकडे आत राहिलेत, ते काढायला जायलोय. म्हातारीला पटलं. नारळ वाढवल्यावर करवंट्या उचलाव्याच लागतात.

तुम्हाला आत नेलं, दार लागलं, आणि मी बाहेरच्या बाकावर बसले. त्या बाकाबद्दल मी कधी कुणाला सांगितलं नाही आणि आताही सांगवत नाही. तुम्ही बाहेर आलात ते नाकात बोळे कोंबलेले, तोंडानं श्वास घेत, ओठ सुकलेले. मांडीला पट्टी बघून मी घाबरले तर कळलं, तिथली चरबी काढून आतलं भोक बुजवलंय. नाकातून पाण्यासारखं काही गळतंय का यावर लक्ष ठेवायला सांगितलं होतं, मी तुमच्या नाकाखालून नजर हलवली नाही. तुम्हाला तहान तहान व्हायची, तांब्यावर तांबे. मग बोळे निघाले, आणि मी खाटेच्या डाव्या अंगाला पडवळासारखी वाळून उभी असताना तुम्ही वर छताकडं बघत म्हणालात, "मास्तरीणबाई, पदर नीट घ्या, समदं दिसायलंय." मी तिथल्या नर्सच्या गळ्यात पडून रडले. ती बिचारी केरळची, तिला एक अक्षर कळलं नाही.

त्यानंतरची वर्षं मी उपकार म्हणून मोजते. स्टेअरिंग परत मिळालं नाही, पण स्टँडवर माइक मिळाला. बिमारीनं जाड झालेला तुमचा आवाज मी घाबरून ऐकत आले होते. तोच आवाज सेलू, झरी, परभणी अशी गावं सांगायला लागला तेव्हा लोक म्हणाले, असा आवाज स्टँडला पहिल्यांदाच मिळाला. गाठीचा थोडा अंश आत राहिलाच होता, म्हणून गोळ्या पुन्हा सुरू होत्या. त्यामुळे भांडण मिटायचं कारणच नव्हतं. डोळे परत आले ते सुरीमुळं, हे माझं. तोवर तगलो ते गोळीमुळं, हे तुमचं. आणि आत, कुणाला न दिसता, काळीज वाढून बसलं होतं. बोटं, नाक, जबडा यांच्याकडं सगळे बघत राहिलो. काळजाचं डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा त्याला गोळीही पुरी पडत नव्हती आणि सुरीही.

शेवटच्या सकाळी आपण त्याच विषयावर होतो. मी म्हटलं, आधीच ऑपरेशन केलं असतं तर काळीज वाचलं असतं. तुम्ही पायात चप्पल घालत म्हणालात, "आन् आधीच टेबलावर गेलो असतो तर? तवाच्या दाक्तराचा हात कुणी बघितलाय?" मी म्हटलं, संध्याकाळी बोलू. दुपारी शाळेत माणूस आला. सुतकात मी परभणीच्या डॉक्टरांना गाठून विचारलं, कोण बरोबर होतं? ते म्हणाले, बाई, दोन्ही वाटांनी एकच माणूस चालून बघता येत नाही. चांगला माणूस आहे, पण मला त्या उत्तराचा राग आला.

आता हे ऐका, हे तुम्हाला सांगायलाच मी लिहायला बसले. तुमच्या मायच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकलाय. पुढच्या आठवड्यात माझ्याच शाळेत शिबिर आहे. फळ्यावर मोठ्या अक्षरांत मीच लिहिलंय की मोतीबिंदूवर औषध नाही, ऑपरेशन हाच इलाज. काल ती भिंत चाचपत माझ्याजवळ येऊन बसली आणि म्हणाली, "सुमन, तू शिकलेली हाईस. थेंबानं भागंल का, कापावंच लागंल?"

घरात आता आम्ही दोघीच आहोत. तुम्हाला समजावायला जे जे बोलले होते ते सगळं मला पाठ आहे. त्यातलं एक वाक्य तोंडातून निघेना. तिला आत नेतील, दार लागेल आणि मी बाहेर बाकावर बसेन, एवढंच दिसत होतं.

म्हटलं, "आधी थेंब टाकून बघू, आत्याबाई."